रिकाम्या जागेचे मोल

नवव्या शतकातील काश्मीरची गोष्ट. अवंतिवर्मा सिंहासनावर होता आणि वितस्तेच्या खोऱ्यातील जनता अन्नान्नदशेला पोहोचली होती. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून कोसळलेल्या शिळांनी नदीचे पात्र खालच्या अंगाला चोंदले होते. पाणी तुंबे, शेते बुडत आणि धान्याचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर जात. अशा वेळी सुय्य नावाचा एक बुद्धिमान पुरुष पुढे आला. पूर हटवण्याचा उपाय मला ठाऊक आहे, पण साधने नाहीत, असे तो म्हणे. लोकांनी त्याला वेड्यात काढले. राजाने मात्र त्याच्यापुढे खजिना उघडला. सुय्याने नाण्यांनी भरलेली मडकी नावेत घातली आणि नदी जिथे अडली होती, नेमक्या तिथेच ती नाणी मुठी भरभरून पाण्यात फेकली. ती वेचण्यासाठी उपाशी लोकांनी पात्रातले दगड उपसून काढले. पुढे त्याने सात दिवस नदीला बांध घालून पाणी अडवले, तळ स्वच्छ करून घेतला, काठ बांधून काढले आणि मग बांध मोकळा केला. दोनशे दिनारांना मिळणारी खारीभर साळ छत्तीस दिनारांना मिळू लागली, असे कल्हणाने राजतरंगिणीत नोंदवून ठेवले आहे. आजचे सोपोर म्हणजे त्या सुय्याच्या नावाने वसलेले सुय्यपूर.

या कथेतील नाण्यांची युक्ती सर्वांच्या लक्षात राहते. खरे शहाणपण पुढच्या सात दिवसांत आहे. पाणी किती दिवस धरायचे, तेवढ्या वेळात कोणते काम उरकायचे आणि कोणत्या क्षणी सोडायचे, याचा हिशेब त्या माणसाजवळ होता. पाणी अडवणे हे अर्धेच शास्त्र आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे पाणी सोडणे. आज हे स्मरण करण्याचे कारण असे की, त्याच सोपोरजवळ, वुलर सरोवराच्या मुखाशी, स्वतंत्र भारताने तुलबुल प्रकल्पाचे काम १९८४ मध्ये हाती घेतले आणि पाकिस्तानच्या आक्षेपानंतर १९८७ मध्ये ते थांबवले. अकराशे वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या अभियंत्यावर जो विश्वास टाकला, तो विश्वास एका सार्वभौम प्रजासत्ताकाला स्वतःच्या अभियंत्यांवर टाकता आला नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी सव्वीस निरपराध नागरिकांची हत्या केली आणि दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने सिंधू जलकरार स्थगित केल्याची घोषणा केली. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे पंडित नेहरू आणि अयुब खान यांनी स्वाक्षरी केलेला हा करार. त्यान्वये सिंधू, झेलम आणि चिनाब या तीन मोठ्या नद्यांचे जवळजवळ सर्व पाणी आपण पाकिस्तानला दिले आणि वर त्यांच्या कालव्यांसाठी सहा कोटी वीस लाख पौंडही मोजले. तीन युद्धे झाली, दहशतवादाची चार दशके लोटली, तरी भारताने हा करार अक्षरशः पाळला. रक्त आणि पाणी एकत्र वाहणार नाही, असे अखेर कोणीतरी ठामपणे म्हटले, याचा आनंद प्रत्येक राष्ट्रप्रेमी नागरिकाला झाला आणि तो यथार्थच होता. परंतु घोषणेचा आनंद ओसरल्यावर एक प्रश्न शांतपणे स्वतःला विचारावा लागतो. पाणी धरून ठेवण्याचा अधिकार आपण परत घेतला. पण ते धरण्यासाठी भांडे कोठे आहे? आणि भांडे असलेच, तर ते केव्हा भरायचे आणि केव्हा रिते करायचे, याची शिस्त आपल्या अंगी किती मुरली आहे?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी हिमालयातील पाण्याची रीत समजून घेतली पाहिजे. आपण महाराष्ट्रातले लोक धरण म्हटले की मृग, आर्द्रा आणि श्रावणसरींचा विचार करतो. आपल्या नद्यांना वर्षातून एकदाच पाणी येते आणि ते आकाशातून थेट येते. सतलज, बियास, चिनाब यांची गोष्ट वेगळी. डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी वारे हिमालयावर बर्फ अंथरतात. हा बर्फ म्हणजे निसर्गाने उंचावर बांधलेले धरण. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापू लागले की प्रथम खालच्या उतारांवरचा बर्फ वितळतो. जसजसा उन्हाळा चढतो, तसतशी हिमरेषा वर सरकते आणि जून-जुलैत उंचावरचा बर्फ आणि हिमनद्या पाझरू लागतात. भाक्राच्या जलाशयात सतलजमधून वर्षभरात जे पाणी येते, त्यातील निम्म्याहून अधिक पाणी हे बर्फाचे आणि हिमनद्यांचे असते, असे आपल्याच जलशास्त्रज्ञांनी दीर्घकाळच्या नोंदींवरून दाखवून दिले आहे. अखनूरपाशी चिनाबमध्येही हा वाटा निम्म्याच्या आसपास आहे.

या पाण्याचा स्वभावही निराळा असतो. दुपारच्या उन्हाने वितळलेला बर्फ ओढ्या-नाल्यांतून खाली येतो, म्हणून डोंगरातील नदी संध्याकाळी फुगते आणि पहाटे ओसरते. आठवडाभर आकाश ढगाळ राहिले तर आवक मंदावते, चार दिवस कडक ऊन पडले की एकदम वाढते. त्यातच वितळत्या बर्फावर उबदार पाऊस पडला, तर पाऊस आणि बर्फ दोघांचे पाणी एकाच वेळी खाली धावते. हिमालयातील खरी अडचण पुढेच आहे. युरोप-अमेरिकेत बर्फाचा पूर वसंतात येऊन जातो आणि उन्हाळा कोरडा राहतो. आपल्याकडे बर्फाचे पाणी भरात असतानाच, जूनच्या अखेरीस, मान्सून हिमालयाच्या पायथ्याशी येऊन ठेपतो. म्हणजे ज्या जलाशयात बर्फाचे पाणी साठू लागलेले असते, त्याच जलाशयावर जुलै-ऑगस्टचा मुसळधार पाऊस कोसळतो. दोन पाहुणे एकाच घरी उतरतात आणि दुसरा किती मोठ्या परिवारानिशी येणार, हे पहिला आला तेव्हा ठाऊक नसते.

म्हणूनच भाक्राचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, २१ मे रोजी सुरू होते. २१ मे ते २० सप्टेंबर हा भरण्याचा काळ आणि २१ सप्टेंबर ते २० मे हा रिकामे करण्याचा काळ. वसंतात बर्फ वितळू लागण्यापूर्वी जलाशय खाली आणणे, त्या रिकाम्या जागेत बर्फाचे पाणी घेणे, पण ती जागा सारी न भरता मान्सूनसाठी काही राखून ठेवणे आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तलाव काठोकाठ भरलेला असेल असे पाहणे, ही ती कसरत. प्रत्येक पंधरवड्याला पाणी कोणत्या पातळीवर असावे, हे सांगणाऱ्या तक्त्याला आपल्याकडे जलाशय परिचालन सूची म्हणतात. कागदावर ती एक साधी वक्ररेषा असते. तिच्यामागे मात्र दोन भये उभी असतात. जागा लवकर भरली तर पुराचे भय आणि जागा रिकामी राहिली तर रब्बी हंगामात राजस्थानपर्यंतच्या शेतकऱ्याला पाणी न मिळण्याचे व विजेचे चक्र थांबण्याचे भय. भरलेले धरण डोळ्यांना दिसते. लोक ते पाहायला जातात, मंत्री त्याचे जलपूजन करतात. रिकाम्या जागेचे पूजन कोणी करीत नाही. वास्तविक पुराच्या दिवशी खालच्या गावांची ढाल असते ती हीच रिकामी जागा.

ही ढाल हाती नसली तर काय होते, हे पंजाबने १९८८ मध्ये पाहिले. सप्टेंबरचा अखेरचा आठवडा. मान्सून परतीच्या वाटेवर आहे असे मानून भाक्राचा जलाशय जवळजवळ पूर्ण भरलेला. अशा वेळी हिमाचल आणि पंजाबवर चार दिवस प्रचंड पाऊस कोसळला. आत जागा नव्हती म्हणून पाणी सोडावे लागले आणि खालचा पंजाब आधीच पावसात बुडालेला होता. त्या पुरानंतर भाक्राची भरण्याची कमाल पातळी १६९० फुटांवरून १६८० फुटांवर आणण्यात आली. सुमारे ३३० टीएमसी क्षमतेच्या, म्हणजे आपल्या कोयनेच्या तिप्पट मोठ्या जलाशयाने वरचे दहा फूट दरवर्षी रिकामे ठेवायचे ठरवले. एका पुराने शिकवलेल्या धड्याची किंमत हा देश दरवर्षी कमी विजेच्या आणि कमी पाण्याच्या रूपाने भरतो आहे. ती किंमत योग्यच आहे.

हा धडा केवळ आपल्याच वाट्याला आलेला नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो नदीवरचे ग्लेन कॅन्यन धरण वसंताच्या प्रारंभी बहुतांश भरलेले ठेवण्यात आले होते. हिवाळ्यातील बर्फाचे मोजमाप फार चिंताजनक नव्हते. पण मे महिन्यात उशिरा भरपूर बर्फ पडला आणि पाठोपाठ ऊन तापले. आवक इतक्या वेगाने वाढली की सांडव्याच्या बोगद्यांतून पाणी सोडावे लागले आणि त्या वेगाने बोगद्याचे काँक्रीट उखडून आतील खडकात प्रचंड खड्डे पडले. सांडवा वापरावा तर तो फुटतो आणि न वापरावा तर धरणावरून पाणी जाते, अशा पेचात सापडलेल्या अभियंत्यांनी दरवाजांच्या माथ्यावर प्लायवूडच्या फळ्या उभारून पाणी थोपवले. संपत्ती आणि तंत्रज्ञान यांत जगात अग्रेसर असलेल्या देशाला दोनशे मीटरहून उंच धरण वाचवण्यासाठी लाकडी फळ्यांचा आधार घ्यावा लागला. त्यांचे गणित चुकले होते ते बर्फ वितळण्यापूर्वी, मार्च-एप्रिलमध्ये. त्याचे परिणाम दिसले जून-जुलैत. जलाशयाच्या बाबतीत चूक आणि शिक्षा यांच्यामध्ये असे दोन-तीन महिन्यांचे अंतर असते, म्हणूनच ती चूक करणारा बहुधा निश्चिंत असतो.

महाराष्ट्राला हे सांगण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटले तेव्हा धरणाचे काम पुरे झालेले नव्हते, तरी पाणी अडवले गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते तेव्हा कोयनेतून किती सोडले, अलमट्टीतून किती सोडले, यावर दोन राज्यांत वाद झडत होता. आपल्याकडे बर्फ नाही. परंतु भरण्याचा मोह आणि सोडण्याचा संकोच तोच आहे.

आता पंजाबचे २०२५ हे वर्ष पाहा. त्या वसंतात जलाशयांतील साठा मागील वर्षापेक्षा कमी होता. बर्फाचे पाणी येऊ लागण्याच्या तोंडावर, एप्रिलच्या अखेरीस, हरियाणाने ८५०० क्युसेक पाणी मागितले. हरियाणाने आपला वाटा आधीच उचलला आहे, असे सांगून पंजाबने ४००० क्युसेकवर बोट ठेवले. भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळाचा निर्णय झाला, पण त्याची अंमलबजावणी होऊ नये म्हणून नांगल धरणावर राज्याचे पोलीस उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सीमेपलीकडच्या शत्रूला पाणी न देण्याचा निर्णय देश घेत होता, त्याच पंधरवड्यात देशातील दोन राज्ये एका धरणाच्या दरवाजांवरून एकमेकांसमोर उभी होती.

आणि तीनच महिन्यांनी त्याच पंजाबात पाणी कोठे ठेवावे, असा प्रश्न पडला. ऑगस्टच्या पावसाने बियासवरील पोंग जलाशय १३९० फुटांची मर्यादा ओलांडून वर गेला, भाक्रा १६८० च्या उंबरठ्यावर पोहोचले. रावीवर रणजित सागर धरणातून सोडलेल्या पाण्यापुढे माधोपूर बंधाऱ्याचे काही दरवाजे २७ ऑगस्ट रोजी वाहून गेले. राज्यातील सर्व २३ जिल्हे पूरग्रस्त घोषित झाले, पन्नासाहून अधिक माणसे दगावली आणि लाखो एकरांवरील उभे भात कुजून गेले. पूर राज्याने आणला की केंद्राने, हा वाद रंगला. त्या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली. मे महिन्यात साठा कमी होता, म्हणून ऑगस्टमध्ये पूर येणार नाही, असे नाही. एका वर्षाच्या पोटात टंचाई आणि महापूर दोन्ही असू शकतात. सरासरीवर बेतलेली जुनी सूची अशा वर्षाला पुरी पडत नाही. दर आठवड्याला बर्फ किती उरला, पाऊस किती येणार, नदीचे पात्र किती क्युसेक सहज वाहून नेईल, हे मोजून सूची बदलत राहावी लागते. आणि ती बदलण्याचा निर्णय अभियंत्याच्या हाती असावा लागतो. विधानसभेतील घोषणांनी किंवा दरवाजावरच्या पहारेकऱ्यांनी तो व्हायचा नसतो. दरवाजांचे म्हणाल, तर जो दरवाजा वर्षानुवर्षे उघडून, तेल-ग्रीस देऊन, तपासून ठेवलेला नाही, तो पुराच्या रात्री कोणत्याही सूचीला दाद देत नाही.

या पार्श्वभूमीवर चिनाबकडे वळू. कराराने पश्चिमेच्या तिन्ही नद्यांवर मिळून भारताला ३६ लाख एकर-फूट, म्हणजे दीड कोयनाएवढे, पाणी साठवण्याची मुभा दिली होती. तेवढी साठवणही आपण साठ वर्षांत उभी केली नाही. चिनाबमधून वर्षाला हजार टीएमसीच्या आसपास पाणी वाहते. तिच्यावरील बगलिहारमध्ये आपण रोज आत-बाहेर करू शकतो ते पाणी जेमतेम एक टीएमसीच्या थोडे वर. किश्तवाडच्या बाजूला, चिनाबच्या मरुसुदर या उपनदीवर उभे राहत असलेले पाकल दुल हे या खोऱ्यातील साठवणुकीचे पहिले मोठे धरण. त्याचाही साठा सुमारे चार टीएमसी. वसंतात चिनाब फुगली की हे भांडे काही तासांत भरते आणि नदी पुढे निघून जाते. नळ बंद करून पाकिस्तान तहानेने व्याकूळ होईल, असे समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. शत्रूने ते वाचलेले आहेतच.

सलालची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९७८ च्या करारात भारताने सलाल धरणाच्या तळाची दारे कायमची बुजवण्याचे मान्य केले. तो करार जनता सरकारच्या काळातला, म्हणजे आपल्या आदरणीयांचा ज्यात सहभाग होता त्या सरकारचा. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेजाऱ्याशी सौहार्द साधावे, हा हेतू उदात्त होता. पण हिमालयाची नदी पाण्याबरोबर डोंगरही वाहून आणते. बर्फ वितळू लागला की पाणी गढूळ होते, वाळू-गोटे खाली येतात. तळाची दारे नसतील तर तो गाळ बाहेर जायला वाट राहत नाही. काही वर्षांतच सलालचा जलाशय बहुतांश गाळाने भरला. म्हणजे भांडे होते, पण त्यात रेती होती. बगलिहारच्या वेळी भारत सावध झाला. तटस्थ तज्ज्ञांपुढे गाळाचा प्रश्न मांडला गेला आणि २००७ च्या निर्णयाने खालच्या पातळीवरील दरवाजे मान्य झाले. पण जलाशय भरण्याचा काळही कराराने बांधून ठेवला होता. चिनाबवरील धरणाचा तळसाठा २१ जून ते ३१ ऑगस्ट याच काळात भरायचा. गाळ धुवायचा तर पाणी खाली न्यावे लागते आणि पुन्हा भरावे लागते. तारखांची बेडी पायात असताना ते करता येत नव्हते. मे २०२५ च्या प्रारंभी सलाल आणि बगलिहार येथे गाळ धुऊन काढण्याचे काम झाल्याचे वृत्त आले, तेव्हा काहींना ते फार किरकोळ वाटले. आम्हाला ते त्या महिन्यातील अत्यंत मोलाचे वृत्त वाटते. कारण कोणतीही गर्जना न करता, कोणाचेही घर न बुडवता, आपण आपले भांडे घासायला घेतले. सुय्याने सात दिवसांत वितस्तेचा तळ उपसला, त्याच जातीचे हे काम आहे.

करार स्थगित झाल्याचा खरा अर्थ हा आहे. त्याने आपल्याला पाणी दिले नाही, काम करण्याची मुभा दिली. तुलबुल पुरे करणे, पाकल दुल वेळेत उभे करणे, सलालचा गाळ हटवणे, पुढील प्रकल्पांत साठवणुकीची पुरेशी जागा ठेवणे, ही पंधरा-वीस वर्षांची कामे आहेत. ती एका निवडणुकीत होत नाहीत आणि एका भाषणात संपत नाहीत.

यातही उत्तरेकडून येणारी एक चिंता नजरेआड करून चालणार नाही. सतलज कैलास-मानससरोवराच्या प्रदेशातून, म्हणजे आज चीनच्या ताब्यात असलेल्या तिबेटातून येते. ऑगस्ट २००० मध्ये हिमाचलात रात्रीतून अचानक पूर आला आणि शंभराहून अधिक बळी गेले. २००४ मध्ये तिबेटातील पारेचू नदीवर दरड कोसळून तलाव तयार झाला, तो २६ जून २००५ रोजी फुटला. उपग्रहांनी त्या तलावावर डोळा ठेवला होता, लोकांना आधीच हलवले होते, म्हणून सतलजकाठची माणसे वाचली. याउलट ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले, तेव्हा चुंगथांगचे तीस्ता-३ धरण वाहून गेले. दरवाजे उघडायला पुरेसा अवधीच मिळाला नाही. पाच वर्षे आधीपासून नजर ठेवलेली असणे आणि पाच मिनिटे आधी कळणे, यांतील फरक माणसांच्या प्राणांनी मोजला जातो. बर्फाची जाडी, हिमसरोवरांचा विस्तार, उंचावरचे तापमान हे सारे मोजणे हे सीमेवर गस्त घालण्याइतकेच राष्ट्ररक्षणाचे काम आहे. आपल्या दूरसंवेदन शास्त्रज्ञांनी सतलजच्या वितळणाऱ्या बर्फाचे अंदाज वर्तवण्याचे काम गेल्या शतकातच सुरू केले होते. ते ज्ञान प्रत्येक हिमालयीन धरणाच्या नियंत्रण कक्षापर्यंत, रोजच्या रोज पोहोचले पाहिजे.

अनेकांच्या मनात आणखी एक विचार येतो. पाणी अडवता येत नसेल तर एकदम सोडून शत्रूला बुडवावे. हा विचार आपल्या परंपरेत बसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तवी नदीला पूर आला, करार स्थगित होता, तरी भारताने मानवतेच्या भूमिकेतून आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला पुराचा इशारा दिला. कोणी याला दुबळेपणा म्हणाले. आम्ही याला सामर्थ्याचे लक्षण मानतो. दहशतवादी पोसणाऱ्या सत्तेला पाणी हक्क म्हणून मिळणार नाही, हे सांगणारा देशच काठावरच्या निष्पाप शेतकऱ्याला, तो कोणत्याही देशाचा असो, पूर येतो आहे असे सांगू शकतो. भगीरथाच्या कथेत स्वर्गातून येणाऱ्या गंगेचा वेग शिवाने आपल्या जटांत झेलला आणि मग ती धार पृथ्वीला सोसेल अशा बेताने सोडली. झेलण्याचे सामर्थ्य आणि बेताने सोडण्याचा संयम, दोन्ही एकाच देवतेच्या ठायी आहेत. आपल्या पूर्वजांनी शक्तीची कल्पना अशी केली.

मग आपण काय करावे? शासनाकडे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक मोठ्या जलाशयाची परिचालन सूची जनतेसमोर मांडावी आणि तिच्यात दरवर्षी हिम व पावसाच्या नव्या नोंदींनुसार सुधारणा व्हावी. आंतरराज्य धरणांचे निर्णय तांत्रिक मंडळाच्या हाती राहावेत, त्यांना पोलिसांचा पहारा आडवा येऊ नये. आणि दरवाजे, सांडवे व गाळ यांच्या देखभालीचा पैसा नव्या उद्घाटनांच्या पैशाआधी मंजूर व्हावा. पूर आला की आपले स्वयंसेवक कमरेइतक्या पाण्यात उतरतात. १९७९ मध्ये मोरबीत मच्छू धरण फुटल्यावर चिखलातून मृतदेह काढण्याचे काम त्यांनी केले, त्याचा अभिमान समाजाला आहे. परंतु सेवेची सुरुवात पूर ओसरल्यावर व्हावी, असा काही नियम नाही. आपल्या गावाच्या वर कोणते धरण आहे, त्याचा विसर्ग किती झाला की आपली कोणती वस्ती बुडते, पूररेषेत कोणी बांधकाम केले आहे, इशारा आला तर कोणत्या वृद्धाला कोणी उचलायचे, ही यादी प्रत्येक शाखेजवळ, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेजवळ मे महिन्यातच तयार असू शकते. पंजाबच्या पाण्यावर तावातावाने बोलणाऱ्याला आपल्या नदीची पूररेषा ठाऊक नसेल, तर त्याच्या बोलण्याला वजन ते काय?

सुय्याने नाणी फेकली तेव्हा लोक हसले होते. तो हसण्याकडे लक्ष न देता नदीचा तळ पाहत होता. हिमालयावर दर हिवाळ्यात बर्फ साठतो आणि दर वसंतात तो खाली यायला निघतो. त्याला स्थगिती देणारा करार अजून कोणी लिहिलेला नाही. तो खाली पोहोचण्यापूर्वी आपले जलाशय घासून, तपासून, हवे तेवढे रिते करून ठेवण्याची चिकाटी आपण दाखवू शकलो, तर २३ एप्रिल २०२५ च्या त्या घोषणेमागे उभे राहण्यास हा देश खऱ्या अर्थाने समर्थ झाला, असे म्हणता येईल.